हेड खोलण्याआधी नोटीस द्या

साताऱ्याच्या एका वाचकाने विचारलं आहे: सात महिन्यांपूर्वी पुण्याच्या डीलरकडून चार लाखांना जुनी पेट्रोल गाडी घेतली. दुसऱ्या महिन्यापासून ती ऑइल खाते, निळा धूर सोडते. गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासलं. तीन सिलिंडर 160 पीएसआयच्या आसपास, चौथा 95. डीलर पाच महिने 'बघू' म्हणतोय. मेकॅनिक सोमवारी इंजिन खोलणार आहे. केस होईल का?

होईल. पण टिकेल का, हे तुम्ही सही केलेल्या ताबा पावतीतल्या एका ओळीवर आहे: 'वाहन माझ्या मेकॅनिककडून तपासून, आहे त्या स्थितीत ताब्यात घेतले.' ही ओळ तुम्ही वाचली नव्हती म्हणता. अशी पत्रं दर महिन्याला येतात, आणि कोणीच ही ओळ वाचलेली नसते.

मालविक्री कायदा, 1930 च्या कलम 16(2) प्रमाणे, त्याच मालाचा धंदा करणाऱ्याने विकलेला माल विक्रीयोग्य असावा लागतो. मात्र ग्राहकाने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दोष दिसायला हवे होते त्यांची तक्रार या कलमाखाली करता येत नाही. इथे 'त्या तपासणीत' हे महत्त्वाचं. तुमच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, एक राउंड मारला. कॉम्प्रेशनसाठी स्पार्क प्लग काढून, गेज लावून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून स्टार्टर मारावा लागतो. ते त्या दिवशी कोणी केलं नाही. म्हणून हा दोष त्या तपासणीत दिसायलाच हवा होता असं डीलरला सहज म्हणता येणार नाही. धूर तेव्हाही दिसत होता का, हे मात्र तो विचारणारच. 'आहे त्या स्थितीत' या शब्दांसाठी तो त्याच कायद्याचं कलम 62 पुढे करेल, म्हणजे अशी हमी करारानेच वगळली असं म्हणेल. त्यावर ग्राहक आयोग काय म्हणेल हे मी आज छातीठोक सांगणार नाही. जाहिरातीत किंवा व्हॉट्सॲपवर इंजिनाची तारीफ केली असेल तर ते स्क्रीनशॉट जपा, तिथे ही ओळ त्याला फारशी वाचवणार नाही.

आता सोमवारचं काम थांबवा. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरलं की पुरावा संपला. दोष गॅरेजनेच केला, असं डीलर म्हणेल. आधी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा: अमुक दिवशी, अमुक गॅरेजमध्ये पुन्हा चाचणी आहे, हजर राहा. आला नाही तरी चाचणी करा. इंजिन गरम, बॅटरी चार्ज, सगळे प्लग बाहेर, इंधन बंद. चारही आकडे आणि किलोमीटर गॅरेजच्या लेटरहेडवर, तारीख-सहीसह. मग कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा आकडा घ्या. तो चढला तर पिस्टनची रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलाय. ही झीज सहसा हळूहळू, हजारो किलोमीटरांत होते, म्हणजे विक्रीच्या आधीची म्हणायला जागा आहे. आकडा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गास्केट (हेडखालचं सील); ते एका ओव्हरहीटमध्येही जातं, आणि 'पाणी न बघता चालवलीत' हे उत्तर डीलरकडे तयार असेल. पाच महिने फोनवर घालवून तुम्ही त्याला हा युक्तिवाद फुकट दिलात.

बाकीचं थोडक्यात. तक्रार साताऱ्याच्याच जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. पैसे डीलरच्या खात्यात गेलेत की मूळ मालकाच्या, हे आधी बघा. मालकाच्या असतील तर डीलर 'मी नुसता मध्यस्थ' म्हणेल. तपासणी लागणाऱ्या तक्रारीचा निकाल पाच महिन्यांत द्यावा असं कायद्यात लिहिलंय. त्यावर विसंबून दुरुस्तीचे पैसे उसने काढू नका. नोटिशीनंतर डीलर अर्धा खर्च लेखी देऊ करत असेल, तर मी तरी तो घ्यायला सांगेन.