साथीच्या विलगीकरणात तरुणच इतके का खचले? जे सावरले ते मुळातच कणखर होते का?

कोविडचा धोका वृद्धांना जास्त असताना मनाने तरुणच अधिक का खचले, आणि जे टिकले त्यांचा पिंडच वेगळा होता का, असे आपण विचारले आहे. त्या काळात मी फोनवरून समुपदेशन करत होते, त्यामुळे वाचलेले आणि ऐकलेले असे दोन्ही मिळून लिहिते.

तरुण अधिक खचले हे खरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितल्याप्रमाणे साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्य यांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, आणि त्याची सर्वाधिक झळ तरुणांना व स्त्रियांना बसली. माझ्याशी बोलणारी मुले मात्र विषाणूविषयी क्वचितच बोलत. घराबाहेर पडणे, पहिली नोकरी, जोडीदार, स्वतः निवडलेली मित्रमंडळी हे सारे विशीतच जमून येते आणि ते चार माणसांत वावरल्याशिवाय होत नाही. पन्नाशीच्या माणसाचे आयुष्य थांबले तरी मागे काही उभे असते, यांचे बांधकाम जोत्यावरच थांबले. एक विद्यार्थी पहाटे झोपायचा, कॅमेरा बंद ठेवून अंथरुणातूनच तासाला हजेरी लावायचा आणि घरच्यांनी विचारले की ‘ठीक आहे’ म्हणायचा. त्याची तक्रार एवढीच होती की काल आणि आज यांत फरकच कळत नाही.

विलगीकरणाने मनावर ताण येतो हे त्याआधीही माहीत होते. २००३ च्या सार्स या श्वसनाच्या संसर्गजन्य आजाराच्या साथीत कॅनडातील टोरांटोमध्ये विलगीकरणात राहिलेल्या १२९ जणांच्या पाहणीत सुमारे ३१ टक्के लोकांमध्ये नैराश्याची लक्षणे आढळली, आणि विलगीकरण जितके लांबले तितकी आघातोत्तर ताणाची (धक्कादायक अनुभवानंतर मनात रेंगाळणाऱ्या ताणाची) लक्षणे वाढलेली दिसली. म्हणूनच मुदत कमीत कमी ठेवावी, कारण स्पष्ट सांगावे आणि एकदा ठरलेली तारीख शक्यतो पुढे ढकलू नये, असे तज्ज्ञ सांगत आले आहेत.

आता कणखरपणाविषयी. अॅन मास्टन या मानसशास्त्रज्ञ अनेक वर्षे मांडत आल्या आहेत की संकटातून सावरण्यामागे असामान्य गुण नसतात. आधार देणारी माणसे, रोजचा क्रम, आपल्या हातून काही होते ही जाणीव, अशा साध्याच गोष्टी असतात. माझाही अनुभव तोच आहे. एक मुलगी मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावून आवाज बंद ठेवत असे आणि दोघी आपापला अभ्यास करत. बोलणे जवळजवळ नसेच, पण त्यामुळे उठण्याची वेळ ठरली आणि कुणीतरी आपली वाट पाहते आहे हे कळत राहिले. शेजारच्या वृद्धांना औषधे पोहोचवणारी मुलेही तुलनेने बरी राहिली. उलट, ‘या सुट्टीत नवे कौशल्य शिका’ या उपदेशाने (तो तेव्हा फुकट वाटला जात होता) अनेकांच्या पदरी फक्त अपराधीपणा आला.

ज्यांच्या घरातच भांडणे किंवा मारहाण होती, ज्यांना दार लावून बोलायला कोपराही नव्हता, त्यांच्यासाठी यातले फारसे काही शक्य नव्हते. त्यांना दुबळे ठरवणे मला अन्यायाचे वाटते. तसेच झोप, भूक आणि रस दोन आठवड्यांहून अधिक काळ गेलेला असेल तर कणखरपणाची परीक्षा न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. जगणे नकोसे वाटू लागले असेल तर तेवढीही वाट पाहू नये.