मसाई मारासाठी कर्ज नको, ऑगस्टऐवजी जून धरा

प्रश्न : आम्ही कोल्हापूरचे. दोघेही नोकरीत, मुलगी यंदा आठवीत. घरात महिना १ लाख ३५ हजार येतात. घरकर्जाचा हप्ता २१ हजार, मुलीच्या शिक्षणासाठी १२ हजारांची एसआयपी (म्युच्युअल फंडातली मासिक गुंतवणूक). या ऑगस्टमध्ये केनियाला जायचे आहे. सात रात्री : नैरोबी, अंबोसेली राष्ट्रीय उद्यान, नैवाशा सरोवर आणि शेवटी मसाई मारा या वन्यप्राण्यांच्या राखीव क्षेत्रात तीन. तिघांचे ९ लाख ६० हजार सांगितले आहेत. सहलीसाठी साठवलेले ३ लाख ६० हजार आहेत. उरलेल्या ६ लाखांचे वैयक्तिक कर्ज १३ टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी मिळते आहे. काढावे का? की एसआयपी मोडावी?

उत्तर : दोन्ही नको. सहल मात्र जरूर करा, आणि पुढच्या जूनच्या पहिल्या पंधरवड्यात करा.

आधी कर्ज बघू. हप्ता पडेल साधारण २० हजार २०० आणि तीन वर्षांत व्याजच जाईल १ लाख २८ हजारांच्या घरात, प्रक्रिया शुल्क वेगळे. घरकर्ज, हे कर्ज आणि एसआयपी मिळून उत्पन्नाचे जवळजवळ चाळीस टक्के दर महिन्याला बांधले जातील, आणि नेमके मुलीच्या दहावीच्या वर्षातही हा हप्ता चालूच असेल. आणीबाणीसाठी वेगळी ठेव आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. नसेल तर मला त्याची काळजी सहलीपेक्षा जास्त वाटते. एसआयपी मोडणे तर कर्जाहूनही वाईट. कर्जाचा हप्ता बँक वसूल करते. मुलीच्या निधीत पडलेले भगदाड भरायला कोणी मागे लागत नाही.

ऑगस्टच का, याचे उत्तर तुमच्या पत्रात नाही, पण कारण ओळखीचे आहे. जुलै ते ऑक्टोबर शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतून वाइल्डबीस्ट (गाईसारखे दिसणारे मोठे हरण) आणि झेब्र्यांचे कळप मारात येतात आणि मारा नदी ओलांडतात. ते दृश्य खरोखर थोर आहे, पण ते हुकमी नाही. कळप काठावर तासन्‌तास उभा राहतो आणि कधीकधी पाणी न ओलांडताच माघारी वळतो. तीन रात्रींत ते दिसेलच असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. सिंह, चित्ते, बिबटे, हत्ती, तरस मात्र मारात बारा महिने असतात.

आता फीचा फरक बघा. मारा राखीव क्षेत्राची परदेशी प्रौढांसाठीची प्रवेश फी २०२४ पासून जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे. ९ ते १७ वर्षांच्या मुलांना ५०. म्हणजे तुम्हा तिघांचा एक दिवस जूनमध्ये २५० डॉलरचा, ऑगस्टमध्ये ४५०चा. कॅम्पचे भाडेही ऑगस्टमध्ये वर्षातल्या सगळ्यांत चढ्या दराने असते. आपल्याकडच्या सुट्ट्यांचे गणित तिथे जुळत नाही : एप्रिल-मे म्हणजे तिथला मोठा पाऊस, दिवाळीची सुट्टी म्हणजे पुन्हा २०० डॉलर. शाळा उघडण्याआधीचा जूनचा पंधरवडा तेवढा नेमका सापडतो. उणीव एवढीच की पावसानंतर गवत उंच असते, मांजरकुळातले प्राणी शोधायला वेळ लागतो. म्हणून मारात रात्री वाढवायच्या.

अंबोसेली काढून टाका. किलिमांजारोच्या पायथ्याचे हत्ती सुंदर आहेत, पण तिथून नैवाशा आणि पुढे मारा या प्रवासात दोन दिवस रस्त्यावरच जातात. नैरोबी एक, नैवाशा एक, मारा चार, अशा सहा रात्री पुरेत. मारात पोचाल त्या दुपारी प्रवेश करू नका. तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ चालते. दुपारी तीनला शिरलात तर तीन तासांसाठी पूर्ण दिवसाचे पैसे जातात. सेकेनानी किंवा तालेक गेटबाहेरच्या कॅम्पमध्ये राहा, डबा बांधून घ्या आणि तीन अख्खे दिवस आत काढा. चार रात्री, पण तिकिटे तीनच. आत राहायचे ठरवलेत तर निघण्याच्या दिवशी सकाळी दहाच्या आत बाहेर पडावे लागते, नाहीतर नवे तिकीट.

खर्च असा मांडा. डॉलर मी ९५ रुपयांना धरला आहे. गाडी-चालक सहा दिवस १,५०० डॉलर, मारातला मध्यम कॅम्प जेवणासह १,६८०, नैवाशा आणि नैरोबी मिळून ३३०, फी ७५०, नैवाशाची बोट ५०, ईटीए (केनियाची ऑनलाइन प्रवास परवानगी) १००, टीप १५०. एकूण ४,५६० डॉलर म्हणजे ४ लाख ३३ हजार. विमान तिघांचे १ लाख ३५ हजार, विमा-लस-औषधे १५ हजार, पॅकेजवरचा जीएसटी साधारण २० हजार. बेरीज ६ लाख ३ हजारांच्या आसपास.

कर्जाचा हप्ता भरायची तुमची तयारी होतीच. त्याऐवजी जुलै ते मे २२ हजारांचे आरडी (आवर्ती ठेव) करा. अकरा हप्त्यांचे व्याजासह सुमारे अडीच लाख होतील. ३ लाख ६० हजार साडेसहा टक्क्यांच्या आसपास ठेवीत राहिले तर त्यावर वीसेक हजार येतील. ही ठेव दोन तुकड्यांत करा, म्हणजे फेब्रुवारीत विमानाचे पैसे द्यायला सगळी मोडावी लागणार नाही. हाती होतात ६ लाख ३० हजार. वरच्या पंचवीस-सव्वीस हजारांतून टीसीएस (पॅकेज विकणारी कंपनी आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरते तो कर, आता दोन टक्के) भागेल. तो खर्च नव्हे, आगाऊ कर आहे. नोकरदार असल्याने तुमच्या कंपनीला कळवून पगारातून कापल्या जाणाऱ्या करात (टीडीएस) वळता करून घ्या किंवा विवरणपत्रात परत मागा.

काटकसर कुठे करायची, तेही सांगतो. बलून राइड माणशी ४५० डॉलरच्या पुढे जाते, ती सोडा. गाडी मात्र स्वस्त घेऊ नका. माराची काळी माती ओली झाली की दोनच चाकांना इंजिनचा जोर असलेली मिनीव्हॅन रुतते आणि सकाळचे सगळ्यांत मोलाचे तीन तास तिला ढकलण्यात जातात. फोर-व्हील लँड क्रूझर, आणि ती फक्त तुम्हा तिघांची, असे कोटेशनमध्ये लिहून घ्या. शिवाय फीची किती तिकिटे धरली आहेत आणि डॉलरचा दर कोणत्या दिवसाचा लागणार, हेही लेखी मागा. बहुतेक वाद या दोन ओळींवरून होतात. विम्यात हवाई रुग्णवाहिका हवीच. मारातून मोठे रुग्णालय गाठायचे म्हणजे नैरोबी, आणि रस्त्याने ते पाच-सहा तास.

नदी ओलांडणारे कळपच पाहायचे असतील, तर मुलीची दहावी संपेपर्यंत साठवत राहा आणि मग ऑगस्टमध्ये रोख पैशांनी जा.

पीतज्वराची (यलो फीवर) लस मेच्या पहिल्या आठवड्यातच घ्या. ती सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, दाखला दहा दिवसांनी लागू होतो आणि तो नसेल तर केनियाहून परतल्यावर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. एकदा घेतलेला दाखला आयुष्यभर चालतो, तेव्हा तो पासपोर्टलाच जोडून ठेवा.