ड्रॅगस्टरचं नाक वाकडं, दुखणं मात्र मागच्या अ‍ॅक्सलला

प्रश्न : भाच्याने अमेरिकेहून १/२५ मापाच्या जुन्या ड्रॅगस्टरचं (सरळ रेषेत छोट्या अंतराची शर्यत पळणाऱ्या गाडीचं) प्लास्टिकचे भाग जोडायचं किट आणलं. पुढे इंजिन, अगदी मागे चालक, अशी लांबलचक गाडी आहे. चासीच्या डाव्या-उजव्या पट्ट्या टेपने धरून पाहिल्या, तर नाक साधारण ३ मिमी उजवीकडे जातं आणि पुढचं डावं चाक १ मिमी अधांतरी राहतं. इंजिन पट्ट्यांमध्ये बसत नाही. एक्झॉस्टच्या क्रोमच्या नळ्या भोकात शिरत नाहीत. पुढचा अ‍ॅक्सल गरम करून वाकवू का? आणि पुट्टी किती लागेल? *(एक वाचक, नाशिक)*

उत्तर : अ‍ॅक्सल वाकवू नका. चाक पुढे उचललेलं दिसतंय, पण चूक मागे आहे.

मी ३४ वर्षं भोसरीतल्या एका टूलरूममध्ये प्लास्टिकचे मोल्ड बनवले. तिथे पहिल्या आठवड्यात शिकलो ते हे : माप कुठून घ्यायचं ते आधी ठरवायचं. त्या जागेला आम्ही डेटम म्हणतो. तुमच्या गाडीचा डेटम म्हणजे मागचा अ‍ॅक्सल. खऱ्या ड्रॅगस्टरला मागे स्प्रिंगच नसते, अ‍ॅक्सल थेट चासीला बोल्ट केलेला असतो. त्यामुळे मागची तिरपाई कुठे जिरत नाही, पुढे जाऊन दिसते.

हिशोब करून बघा. खऱ्या गाडीच्या दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर २०० इंच धरलं, तर १/२५ मध्ये ते ८ इंच, म्हणजे २० सेंटिमीटर होतं. तुमच्या दोन पट्ट्यांमध्ये मागे जेमतेम २ सेंटिमीटर अंतर असेल. म्हणजे पुढची लांबी मागच्या रुंदीच्या दहापट. एक पट्टी दुसरीपेक्षा ०.३ मिमी पुढे सरकली, की नाक ३ मिमी बाजूला जातं. चाकाचंही तसंच. पुढची चाकं साधारण ४ सेंटिमीटर अंतरावर असतात, म्हणून मागचा अ‍ॅक्सल ज्या खाचांत बसतो त्यांतल्या एकीत अर्धा मिमी उंचवटा असला की पुढे १ मिमी उचल येते. तुमची दोन्ही दुखणी बहुधा एकाच खाचेतली आहेत.

तो उंचवटा शोधायचा कसा? टूलरूममध्ये आम्ही एका भागाला निळं लावून तो दुसऱ्यावर टेकवायचो. जिथे निळं उमटलं तिथे टेकतंय, म्हणजे तिथेच घासायचं. तुम्ही ६बी पेन्सिल घ्या. अ‍ॅक्सलची बैठक काळी करा, पट्टीवर दाबा आणि उचलून बघा. काळा ठिपका कुठे उमटतो ते नीट पाहा. माझा अंदाज, तो रनर (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या काडीला लागून येतात ती) कापल्यावर उरलेल्या बुंध्यावर किंवा पार्टिंग लाइनच्या, म्हणजे मोल्डचे दोन अर्धे जुळतात त्या रेघेवरच्या, फ्लॅशवर पडेल. जुन्या मोल्डच्या कडा झिजल्या की दोन अर्ध्यांच्या फटीतून प्लास्टिक पापुद्र्यासारखं बाहेर येतं, तोच फ्लॅश. धारदार ब्लेड आडवं धरून तो खरवडा, पुन्हा पेन्सिल लावा, पुन्हा टेकवा. चार-पाच फेऱ्या लागतील. घाई करू नका, जास्त निघालेलं प्लास्टिक परत येत नाही.

हे सगळं काचेवर करा. ५ मिमी जाडीची काच घ्या, कडा घासून आणा आणि खाली शाळेचा आलेख-कागद चिकटवा. मागचा अ‍ॅक्सल एका आडव्या रेघेवर, नाक मधल्या उभ्या रेघेवर. डोळ्यांवर भिस्त ठेवू नका, रेघेला विचारा.

इतकं करूनही एखादी पट्टी स्वतःच बाकदार निघाली (लांब, बारीक भाग मोल्डमधून निघाल्यावर असमान थंड होतात, त्यामुळे होतं हे), तर ती गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, काचेवर सपाट दाबा आणि तशीच धरून वर गार पाणी ओता. पाणी बोट बुडवून ठेवता येणार नाही इतकं गरम हवं, पण उकळतं नको. हे प्लास्टिक पॉलिस्टायरीन असतं आणि ते १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं. उकळत्या पाण्यात पट्टी हातात शेवयांसारखी होते. मेणबत्ती तर जवळही आणू नका. माझ्या पहिल्या ड्रॅगस्टरचा पुढचा अ‍ॅक्सल मी मेणबत्तीवरच वाकवला होता. चारही चाकं टेकली खरी, पण समोरून पाहिलं की दोन्ही पुढची चाकं एका अंगाला कललेली दिसतात. ती गाडी अजून कपाटात आहे. दिवाळीच्या साफसफाईत हातात घेतली की अजून वाईट वाटतं.

आता इंजिन. पट्ट्या फाकवून ते आत कोंबण्याचा मोह होईल, तसं केलंत तर वर बसवलेली सगळी मोजमापं गेली. व्हर्निअरने आधी इंजिनाच्या दोन्ही कानांचं (पट्ट्यांना टेकणाऱ्या बाजूच्या टोकांचं) बाहेरून माप आणि मग पट्ट्यांमधलं माप घ्या. जितका फरक, त्याच्या निम्मं एका कानातून आणि निम्मं दुसऱ्यातून घासा, म्हणजे इंजिन मध्यावरच राहील. इंजिनाचे दोन अर्धे जिथे जुळतात तो पृष्ठभाग घासून रुंदी कमी करू नका. ते व्ही-आकाराचं इंजिन आहे. अर्धे जवळ आले की वरचा मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) बसत नाही, त्याच्यावर ब्लोअर (इंजिनात हवा कोंबणारा पंप), त्याच्यावर इंजेक्टरची टोपी, अशी चूक मजल्यामजल्याने चढत जाते. ब्लोअर जर ६-७१ असेल, तर सांगायला आवडेल की तो मुळात जनरल मोटर्सच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनाचा : ६ सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच, म्हणून हे नाव. ट्रक-बसच्या इंजिनाचा हवा भरणारा भाग ड्रॅगस्टर बनवणाऱ्या पोरांनी शर्यतीच्या गाडीवर चढवला!

क्रोमच्या नळ्यांचं कारण वेगळंच आहे. प्लास्टिकवर आधी लॅकर, त्यावर निर्वातात बसवलेला अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर आणि वर पुन्हा पारदर्शक लॅकर असतं. हे थर नळीच्या भोकात शिरणाऱ्या खुंटीला जाड करतात, शिवाय क्रोमवर मॉडेलचा सिमेंट (प्लास्टिक जोडायचा गोंद) धरतच नाही, कारण तो प्लास्टिक विरघळवून जोडतो. म्हणून खुंटीवरचं क्रोम ब्लेडने खरवडून पांढरं प्लास्टिक उघडं करा. तरी घट्ट वाटलं तर भोक एका नंबरने मोठं करा. ड्रिलचं बिट हातानेच फिरवा, मशीनला लावलं तर उष्णतेने प्लास्टिक वितळून बिटला गुंडाळतं. बारीक बिट पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत पीसीबीचे म्हणून मिळतात.

आणि पुट्टी? इतकं केल्यावर हरभऱ्याएवढीही लागणार नाही.

प्रश्न : सांधे फेविक्विकने जोडले तर चालतील का? *(एक वाचक, कोल्हापूर)*

उत्तर : चासीसाठी नको. सिमेंटने दोन भाग एकमेकांत विरघळून एकजीव होतात. इन्स्टंट गोंद मधे ठिसूळ थर होऊन राहतो आणि झटका बसला की सुटतो. सरकवून सरळ करायलाही वेळ देत नाही. क्रोमच्या छोट्या भागांना चालेल, पण अगदी थेंबभर. जास्त झाला की त्याच्या वाफेने भोवती पांढुरकं धुकं बसतं. फट भरायची असेल तर त्याच किटच्या रनरचे बारीक तुकडे पातळ सिमेंटमध्ये रात्रभर विरघळवा. दाट झालेला लगदा फटीत भरा, दोन दिवस वाळू द्या, मग ४०० आणि ६०० नंबरच्या वॉटर पेपरने घासा. तेच प्लास्टिक असल्यामुळे रंगाखाली सांधा दिसत नाही.

प्रश्न : मी आठवीत आहे. माझ्या ड्रॅगस्टरच्या बॉडीवरच्या सगळ्या रेघा भरून टाकू का? आणि चालक इतका मागे का बसतो? *(एक वाचक, सातारा)*

उत्तर : सगळ्या नको, बेटा. खऱ्या गाडीची बॉडी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे, पाव फेरा फिरवला की सुटणाऱ्या स्क्रूंनी धरलेले, कारण ते सारखे काढावे लागतात. दोन पत्र्यांमधली रेघ खरी आहे, ती ठेव. चासीच्या नळीवर लांबीभर जाणारी रेघ मात्र मोल्डची आहे. पोलादी नळीला तशी शिवण दिसत नाही, ती घासून काढ.

मागच्या टायरांवर वजन पडावं म्हणून चालक अ‍ॅक्सलच्याही मागे बसायचा. त्यामुळे क्लच आणि गिअरबॉक्स त्याच्या पायांशी यायचे. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर डॉन गार्लिट्स या ड्रॅगस्टर-चालकाच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला आणि त्याच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. त्याने इंजिन पाठीमागे असलेली गाडी बनवली आणि १९७१ मध्ये पोमोनाची विंटरनॅशनल्स ही ड्रॅगस्टरची शर्यत जिंकली. तुझ्या किटमध्ये सीटच्या पुढे गिअरबॉक्सचा जो छोटा भाग आहे तो झाकला जाईल म्हणून वगळू नकोस. तो आधी बसव, मग चालकाचे पाय त्याच्या दोन्ही बाजूंनी जातात का ते टेप लावून पाहा.