आई दोनदा पडली. दांडे बसवलेत, पण तिला घरात बसवू नका

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं. आई ७६ वर्षांच्या, कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात एकट्या राहतात. दोन महिन्यांत दोनदा पडल्या, सुदैवानं हाड शाबूत आहे. तुम्ही पुण्याला असता. न्हाणीत स्टीलचे दांडे बसवून घेतलेत, अंबाबाईच्या देवळाला जाणं बंद केलंय आणि आणखी काय करावं असं विचारताय.

आधी त्यांचं देवळाला जाणं पुन्हा सुरू करा. सोबत कुणीतरी असू दे, गर्दीचा मंगळवार-शुक्रवार टाळा, पण जाऊ द्या. मी कोल्हापुरात फिजिओथेरपी करते, पेठांतल्या घरी जाऊन व्यायाम घेते, आणि हा प्रकार सारखा बघते. पडलेल्या माणसाला घरचे मायेपोटी खुर्चीत बसवतात. बसून बसून मांड्यांची ताकद जाते, मनात भीती बसते, माणूस पाय घासत चालायला लागतो आणि मग उंबऱ्यालाच अडखळतो. दांडा हवाच, पण दांड्यापर्यंत जायला पाय लागतात.

आता त्या दोन पडण्यांची नीट चौकशी करा. 'जपून चालत जा की गं' हे त्यांनी शंभर वेळा ऐकलंय, ते नको. किती वाजता पडल्या? त्याआधी बसल्या होत्या की झोपल्या होत्या? डोळ्यापुढं अंधारी आली का? पडल्याचं सगळं आठवतंय का? मध्येच काही आठवत नसेल किंवा छातीत धडधडलं असेल, तर हे सगळं वाचायचं थांबवून आधी डॉक्टरांकडे न्या, ईसीजी काढून घ्या. पहाटे नळाला पाणी आलं म्हणून अंथरुणातून ताडकन उठल्या आणि पडल्या असतील, तर रक्तदाबाचा संशय घ्या. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी मोजायचं, मग उभं करून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचं. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर तो दोष आहे. दवाखान्यात बीपी बहुतेक वेळा बसवूनच बघतात, त्यामुळं हे सापडत नाही. मुद्दाम सांगून उभ्यानं मोजून घ्या.

गोळ्यांची सगळी पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढं ठेवा. बीपीची, लघवी जास्त व्हायची, आणि विशेषतः झोपेची गोळी. कधीतरी आजारपणात सुरू केलेली झोपेची गोळी वर्षानुवर्षं चालूच असते, कुणी विचारतच नाही. मात्र ती स्वतःहून एकदम बंद करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करून देतात. त्याच फेरीत बी१२ आणि डी जीवनसत्त्व तपासा, साखर असेल तर तळपायाला स्पर्श कळतो का ते बघायला सांगा. मोतीबिंदू पिकायची वाट बघायची पद्धत जुनी झाली. बायफोकल चष्मा असेल तर जिना उतरताना खालच्या भिंगातून पायरी धूसर दिसते, हेही लक्षात असू द्या.

घराबद्दल थोडंच सांगते, कारण तुम्ही सुरुवात केलीच आहे. पेठेतल्या जुन्या भिंतींचा गिलावा पोकळ असतो, त्यात स्क्रू धरत नाही. दांड्याला तुम्ही स्वतः सगळा भार देऊन लोंबकळून बघा. टॉवेलची दांडी म्हणजे आधाराचा दांडा नव्हे, पण घाईत हात तिलाच जातो, म्हणून ती तिथून काढूनच टाका. लाकडी जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेला, निदान शेवटच्या पायरीला, पिवळी पट्टी मारा. रात्री पलंगापासून संडासापर्यंत मिणमिणता दिवा राहू दे. परसात शेवाळ धरतं ते पावसाळ्याआधी खरवडून काढा. आणि कोल्हापुरी चप्पल! आपला जीव तिच्यात असतो, मान्य, पण गुळगुळीत झालेला चामड्याचा तळ ओल्या फरशीवर अजिबात धरत नाही. मागं पट्टा असलेली, रबरी तळाची चप्पल आणा.

खरं काम व्यायामाचं. न्यूझीलंडच्या ओटॅगो विद्यापीठानं म्हाताऱ्या माणसांसाठी घरी करायचा कार्यक्रम बसवलाय: मांड्या-पोटऱ्यांची ताकद, तोल आणि चालणं. त्यानं पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाल्याचं त्यांच्या अभ्यासांत दिसलं. आमच्या पेठेतल्या भाषेत सांगायचं तर हात न टेकता खुर्चीतून उठबस, कट्ट्याला धरून टाचा उचलणं, एका पायापुढं दुसरा पाय ठेवून उभं राहणं. आठवड्यातून तीन दिवस, आणि अधूनमधून सोबतीनं रंकाळ्यावर फेरी. सुरुवातीला शेजारी कुणीतरी उभं पाहिजेच. नुसत्या चालण्यानं तोल सुधारत नाही, हे घरच्यांना पटवताना माझा घसा कोरडा पडतो.

पुढच्या वेळी याल तेव्हा एक चाचणी घ्या. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका आहे समजा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा.

आणि एवढं करूनही पडल्याच तर? शेजारच्या काकूंकडे एक किल्ली द्या, मोबाइल आईंच्या गळ्यात दोरीला असू दे. लगेच बगलेत हात घालून उचलायचं नाही, आधी कुठं दुखतंय ते विचारायचं. पाय आखूड दिसतोय, बाहेर वळलाय, टेकवत नाही, तर खुब्याचं हाड मोडलंय असं धरून चाला. तेल लावून चोळणं नको, हाडवैद्य नको. आडवं ठेवूनच १०८ ला फोन करा. डोक्याला मार असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर वरून बरं दिसलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या.