प्रिंट केलेल्या कवळीतला बुरशीविरोधी घटक किती वर्षं टिकतो?

तुम्ही विचारलंय की आईसाठी थ्रीडी प्रिंटेड कवळी करतोय, ती ज्या प्लास्टिकची छापतात त्या रेझिनमध्येच बुरशीविरोधी घटक आहे म्हणतात, तो किती वर्षं पुरेल. कवळी टिकेल तोवर पुरेल असं धरून चालू नका. मी लातूरला डेंटल लॅब चालवतो आणि नेमक्या याच गोष्टीवरून माझं दाजींशी वाजलेलं आहे.

दाजी डेंटल मटेरियल विकतात. त्यांनी औशाच्या आत्याला अशी कवळी करवून दिली आणि वर सांगितलं, "आता रात्री काढायची गरज नाही." आत्याला तेच हवं होतं, सुनांपुढं बोळक्या तोंडानं बसायची तिला लाज. जावयाचा शब्द, त्याला कोण उलटून बोलणार? मी बोललो, तर म्हणे ह्याला प्रिंटर घेता आला नाही म्हणून पोटात दुखतंय. दिवाळीला गेलो तर आत्याचा टाळू लालभडक, ओठांचे कोपरे चिरलेले. ठेच्याशिवाय घास न घेणारी बाई दुधात भाकरी कुस्करून खात होती. कवळी काढायला लावली. आतल्या बाजूला बोअरच्या पाण्याचा क्षार आणि त्यावर मिसरीचा काळा थर. त्या थराखाली औषध शिल्लक असलं काय नि नसलं काय, कॅन्डिडाला, म्हणजे तोंडातल्या बुरशीला, काय फरक पडतो?

नायस्टॅटिन (बुरशीचं औषध), क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक) असं काही रेझिनमध्ये नुसतं मिसळलेलं असेल तर ते पेटीतल्या डांबरगोळीसारखं, सुरुवातीला भरपूर सुटतं आणि मग विरत जातं. क्वाटर्नरी अमोनियमसारखा जंतुनाशक घटक रेझिनच्या रेणूंच्या साखळीलाच बांधलेला असेल तर तो जास्त टिकतो, पण तो मारतो स्पर्शानं, आणि लाळेचा पापुद्रा चढला की स्पर्शच होत नाही. चांदीचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, जास्त घातले तर गुठळ्या होतात, रेझिन घट्ट करणारा प्रिंटरचा प्रकाश अडतो, गुलाबी रंग काळवंडतो.

चाचण्या बहुतेक रेझिनच्या छोट्या चकत्यांवर होतात. 5 आणि 55 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 10,000 वेळा आळीपाळीनं बुडवलं की साधारण 1 वर्षाचा वापर धरतात. त्यात ना मिसरी असते, ना बोअरचं पाणी, ना दाजी.

आणखी एक. पृष्ठभागाचा खडबडीतपणा 0.2 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर गेला की जंतू जास्त चिकटतात. टाळूला टेकणारी बाजू आम्ही बाहेरच्यासारखी घासून चकचकीत करत नाही, कारण फिटिंग जातं. बुरशी नेमकी तिथंच बसते.

म्हणून रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची, मऊ ब्रश आणि साध्या साबणानं धुवायची. टूथपेस्ट नको, ओरखडे पडतात. उकळतं पाणी तर नकोच, कवळी वाकते. टाळू लाल झाला तर डॉक्टरकडून तोंडाचा इलाज करून घ्यायचा आणि कवळीही साफ करायची, एकानं भागत नाही. घटक मिसळलाय की बांधलाय, हे विकणाऱ्याला विचारा. उत्तरात नुसतं "लाइफटाइम" आलं तर जादा पैसे देऊ नका.

प्रिंटेड कवळी वाईट असते असं मी म्हणत नाही. फाइल राहते, हरवली तर पुन्हा छापता येते. पक्षाघातानं हात चालत नसेल, कवळी धुणंच जमत नसेल, तर असा घटक थोडी मदत करेल. आणि शुगर वाढलेली असली की तोंडात बुरशी लवकर होते, म्हणून आईची शुगर बऱ्याच दिवसांत तपासली नसेल तर ऑर्डर देण्याआधी तेवढी तपासून घ्या.