रिअल-टाइम पीसीआर घेताना आधी ब्लॉक तपासा

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या जैवतंत्रज्ञान विभागासाठी रिअल-टाइम पीसीआर यंत्र (डीएनएच्या प्रती वाढवत असतानाच त्यांचे प्रमाण मोजणारे) घ्यायचे आहे. एक यंत्र दोन चॅनलचे, म्हणजे दोन रंगांचा प्रकाश वेगवेगळा मोजणारे, दुसरे पाच चॅनलचे. किमतीत बरीच तफावत. काय पाहून ठरवावे?
– एक प्राध्यापिका, शिवाजीनगर, पुणे

उत्तर : चॅनल कामावरून ठरवा. सायबर ग्रीन हे डीएनएला चिकटून चमकणारे रंगद्रव्य वापरून जनुकांची अभिव्यक्ती मोजायची तर एक चॅनल पुरतो. मात्र मेल्ट कर्व्हची (शेवटी तापमान वाढवत नेऊन हवा तोच डीएनए वाढला का ते पाहण्याची) सोय हवीच, कारण प्रायमर, म्हणजे डीएनएची प्रत सुरू करून देणारे छोटे तुकडे, एकमेकांना जुळून प्रायमर-डायमर होतात आणि सायबर ग्रीन त्यांनाही चिकटतो. डेंग्यूचे चारही प्रकार प्रोब (ठरावीक डीएनएलाच चिकटणारे, वेगवेगळ्या रंगांचे तुकडे) लावून एकाच नळीत ओळखायचे आणि सोबत चाचणी नीट चालली का ते दाखवणारे अंतर्गत नियंत्रणही ठेवायचे, तर पाच लागतात. विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांना दोन चॅनल भरपूर झाले.

खरी परीक्षा ब्लॉकची, म्हणजे नमुने तापवणाऱ्या आणि थंड करणाऱ्या ठोकळ्याची. माहितीपत्रकात तापमानाचा सारखेपणा ±०.५ अंश वगैरे लिहिलेला असतो. तो तापमान गाठल्यावर किती सेकंदांनी मोजला, हे विचारा. सेकंदाला किती अंश चढते हा आकडा आकर्षक दिसतो, पण कोपऱ्यातल्या वेल (प्लेटवरच्या नमुना भरायच्या खळग्या) मागे राहणार असतील तर त्या वेगाचा उपयोग नाही.

डेमोच्या दिवशी आपलेच प्रायमर आणि डीएनए वापरा. सगळ्या ९६ वेलना पुरेल एवढे एकच मिश्रण डीएनएसकट करा, प्रत्येकीत २० मायक्रोलिटर भरा, प्लेट सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवा आणि ४० चक्रे चालवा. मग कडेच्या आणि मधल्या वेलचे सीटी (चमक ठरलेली पातळी ओलांडते त्या चक्राचा आकडा) शेजारी ठेवून पाहा. सीटीत ०.३ चा फरक म्हणजे डीएनएच्या प्रमाणात सुमारे २३ टक्क्यांचा फरक; दुप्पट-तिप्पट अभिव्यक्ती मोजणाऱ्याला तो परवडत नाही. कडेच्याच वेल सारख्या उशिरा येत असतील तर आधी सील नीट दाबून पुन्हा चालवा, कारण बाष्पीभवनानेही असे होते. गरम झाकण साधारण १०५ अंशांवर असते ते यासाठीच.

दहापट विरलनांचा स्टँडर्ड कर्व्हही (डीएनएच्या प्रमाणाचा लॉग आणि सीटी यांचा आलेख) काढा. उतार −३.३२ आला तर कार्यक्षमता १०० टक्के, म्हणजे दर चक्राला डीएनए दुप्पट; −३.१ ते −३.६ चालतो. त्याबाहेर गेला तर बहुधा प्रायमर किंवा पिपेटिंग तपासावे लागते, यंत्राला लगेच नावे ठेवू नयेत.

प्रश्न : एकाच नमुन्याच्या तीन वेलपैकी एकीचा आलेख मध्येच उडी मारतो.
– एक वाचक, हडपसर

उत्तर : बुडबुडा. गरम झाल्यावर तो फुटतो आणि प्रकाशाचे मापन एकदम बदलते. भरताना पिपेट दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबू नका. वरून प्रकाश मोजणाऱ्या यंत्रात झाकणावर मार्करने लिहू नका; शाई प्रकाश अडवते. रॉक्स या संदर्भासाठी घातलेल्या रंगद्रव्याचेही पाहा. मास्टर मिक्समध्ये (तयार अभिक्रिया-मिश्रणात) तो नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये बंद ठेवा, नाहीतर सगळेच आलेख थरथरतात.

प्रश्न : यूपीएस आवश्यक आहे का?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : हो, ऑनलाइन प्रकारचा, पूर्ण रन निभावेल एवढ्या बॅटरीचा. वीज जाऊन रन अर्धवट राहिला तर ती प्लेट उघडू नका. सीलबंद पिशवीतच टाकून द्या. आतला वाढलेला डीएनए खोलीत पसरला, की पुढे कित्येक दिवस डीएनए न घातलेल्या कंट्रोललाही सीटी येत राहतो.