गोल्टी का निघाली?

प्रश्न : माझं रान वैजापूर तालुक्यात आहे. जानेवारीत एक एकर उन्हाळी कांदा लावला. खत-पाणी शेजाऱ्याइतकंच दिलं. दोन खुरपण्या केल्या, पण बाया मिळाल्या नाहीत म्हणून पहिली दीड महिन्यानं झाली. शेजाऱ्याचा कांदा मुठीएवढा, माझी निम्मी गोल्टी, म्हणजे बारीक कांदा. लव्हाळाही हटत नाही. कोणतं तणनाशक मारू?

उत्तर : भाऊ, औषधाचं नंतर बघू. आधी एक गोल्टी आडवी कापा, मग शेजाऱ्याचा कांदा कापा आणि दोन्हींचे पापुद्रे मोजा. बाहेरचा एकेक जाड पापुद्रा म्हणजे एकेका पातीचं फुगलेलं बूड. पाती कमी, तर पापुद्रे कमी. आणि कांदा कोणासाठी थांबत नाही. दिवस मोठा झाला, ऊन तापलं की असेल तेवढ्या पातीवर पोसायला लागतो.

तुमच्या रोपांचे पाती काढायचे दिवस गवतात गेले. सोयाबीन पानं पसरून ओळी झाकतं, खालचं गवत सावलीनंच दबतं. कांद्याची पात नळीसारखी उभी, सावली पडणार कशाची? मुळ्याही वरच्या वीतभर मातीत, गवताच्याही तिथंच. महिन्यानं टाकलेला युरिया आधी कोणी खाल्ला, ते सांगायला नको. त्यात दीड महिन्याचं गवत उपटताना शेजारचा कांदाही मुळातून हलतो.

एका साली तुरीच्या सोंगणीत बाया अडकल्या नि माझीही खुरपणी अशीच लांबली. वाफे घोळानं भरले. घोळाची भाजी घरादारानं आठ दिवस खाल्ली, अन् कांदा काढला तर ढिगात गोल्टीच जास्त.

तेव्हापासून लागवडीनंतर तिसऱ्या आठवड्यात पहिली खुरपणी, सहाव्या-सातव्यात दुसरी. दोन महिन्यांनंतर उगवणाऱ्या गवताला मी फारशी भीत नाही. बायांची अडचण असेल तर सगळा एकर एकदम लावूच नका. अर्धा आज, अर्धा दहा दिवसांनी.

आता लव्हाळा. त्याची फुलाची दांडी बोटांत फिरवा, तिधारी लागेल. खाली खोल उकरा, दोरीत ओवल्यासारख्या काळ्या, वासाच्या गाठी निघतील. खुरप्यानं शेंडा छाटला की या गाठी पुन्हा कोंब काढतात. पेंडीमेथॅलिन हे तणनाशक बियांतून उगवणाऱ्या गवतासाठी, गाठीपुढं ते हतबल. दुकानदारानं दुसरं काही हातात दिलं तर लेबलवर कांद्याचं नाव आहे का, एवढं वाचल्याशिवाय पंप भरू नका.

कांदा निघाला की मे महिन्यात रान खोल नांगरा आणि ढेकळं तापू द्या. गाठ पुरती वाळली की मरते. वर आलेल्या गाठी वेचा, पण बांधावर टाकू नका; पहिल्याच पावसात त्या परत वाफ्यात येतात.